पाठ न बघता

बूट

नवऱ्याचे बूट दवाखान्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिले. पिशवीला घट्ट गाठ होती. भाऊजी म्हणाले, "आण इकडे, फेकून येतो." मी म्हटलं, "राहू द्या." या घरात आल्यापासून मोठ्या दिराला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं असेन. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण पुढे केलेला हात त्यांनी थोडा वेळ तसाच हवेत ठेवला. त्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. भावाला मातीतून उकरताना त्यांची नखं निघाली होती.

माणसं पांगल्यावर मी गाठ सोडली. तळव्यांच्या खाचांत माती बसली होती. करडी नव्हे, पांढरी. वाळून खडूसारखी झालेली. मी ती सुईनं कोरून काढली, वाटीत जमवली, वाटीवर बशी झाकली. का, ते तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. मातीकाम करणाऱ्या घरात माती टाकवत नाही, एवढंच.

थर

आमच्या भांड्यांच्या कारखान्यामागे टेकाड आहे आणि टेकाडाच्या पोटात आमची खाण. खाण म्हणजे मोठा शब्द झाला. माणूस वाकून शिरेल असं एक भोक. वरचा थर करड्या, रेवाळ मातीचा. तिची भांडी घडतात. तिला आम्ही अंग म्हणतो. त्याच्या खाली, खोल, पांढऱ्या मातीचा अरुंद पट्टा आहे. ती माती पाण्यात कालवून दुधासारखी पातळ करायची आणि कच्चं भांडं तिच्यात बुडवून काढायचं. ते पांघरूण म्हणजे स्लिप. मग भट्टीत लाकूड घालत राहायचं, आतली हवा पांढरी दिसायला लागेपर्यंत, आणि सोड्याचं पाणी आत फवारायचं. सोड्याची वाफ ज्वाळेबरोबर भांड्याभांड्यांतून वाट काढते आणि जिथे टेकते तिथे काच करते. आमच्या पांढऱ्या मातीवरून ती नुसती घासून गेली तरी नारिंगी रंग उठतो, कडेला जळक्या साखरेसारखा काळपट होत जाणारा. लोक त्या रंगासाठी येतात. आमच्या अंगासाठी कुणी येत नाही.

सासरे म्हणायचे, अंग गरीब असावं, पांघरूण श्रीमंत. म्हणजे अंग खरखरीत, सोशिक, फार मागणं नसलेलं. तसं ते मिळायला त्यांना बराच काळ लागला. ओढ्याकाठची काळी माती घेऊन बघितली. तिच्यात लोखंड फार, मोठ्या आचेला अंगावर फोड आले आणि वरची स्लिप राखेसारखी मेली. दुकानातली तयार माती घेतली. गुळगुळीत, नव्या सुनेसारखी देखणी, आणि भट्टी निवताना आतल्या आत टणटण तडकली. करडीच टिकली. करडी वरच मिळते, उभ्यानं खणता येते. तिच्यासाठी कुणी मरायचं कारण नव्हतं.

पांढरी काढायला माझा नवरा आत जायचा. घरात त्याला सगळे घूस म्हणत. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या पोटी एक माणूस आला आणि एक घूस आली." तो म्हणायचा, "आणि तो माणूस घुशीच्या जिवावर जेवतो." सगळे हसायचो. भाऊजीसुद्धा.

तो घूस, तशी मी गोळी. भट्टीत भांडं फळीला चिकटू नये म्हणून बुडाखाली पांढऱ्या भुकटीच्या छोट्या गोळ्या लावतात, त्या वळणं माझं काम. आणि भांडी स्लिपमध्ये बुडवणं. स्लिप कालवायची भाऊजींनी, बंद खोलीत. चाळायची सासूबाईंनी. मला बादली मिळायची ती तयार.

एकच गोष्ट

भाऊजी, पहिल्यांदा अंगणात, माझ्याशी: "मी भट्टीपाशी होतो गं. मला पत्ताच नाही. त्यानं विचारलंसुद्धा नाही, उठला आणि गेला."

मग पोलिसांशी, खुर्चीवर बसून: "पांढरा थर आम्ही मागच्या थंडीतच बंद केला, साहेब. भिंत पोकळ झाली होती. तेव्हापासून पोत्यातली माती आणतो. ही बघा पोती." पोती होती. भिंतीला लावून रचलेली, वरचं एक फोडलेलं.

मग पाहुण्यांशी, उभ्या उभ्या, येईल त्याला: "मी त्याला बजावलं होतं, घूसपणा करू नकोस. दोनदा बजावलं. पण ऐकेल तर तो कसला."

विचारलंच नाही, तर दोनदा बजावलं कधी?

मी हे कुणाला विचारलं नाही. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, आणि पुन्हा पुन्हा सांगून गोष्टीला कड येते, हे मलाही कळतं. पण तो प्रश्न दातात अडकलेल्या धाग्यासारखा राहिला. थंडीत पांढरी बंद झाली हे मला आधीपासून माहीत होतं. भाऊजींनीच सांगितलं होतं तेव्हा: "पोत्यातल्या मातीत चिमूटभर तांबडी घातली की झालं. तोच रंग. उगाच जीव कशाला घालवायचा?" आणि रंग येतही होता. नवराही म्हणायचा, "हल्ली करडीच काढतो." कारखान्याच्या नळावर अंग धुऊन, कपडे बदलून घरी यायचा. मला वाटायचं, किती शहाणा झाला.

माझा दादा रोज फोन करायचा. त्याचा टेम्पो आहे, तो सामान वाहतो.

"येऊ का न्यायला?"

"भट्टी उघडली की सांगते."

"भट्टीचा काय संबंध? तिथं काय राहिलंय तुझं आता?"

"तेच बघायचंय. तो आपल्या हट्टानं गेला असेल तर हे माझंच घर आहे, मी इथंच म्हातारी होईन. पण त्याला पाठवला असेल तर नाही."

"आणि हे भट्टी सांगणार तुला?"

"माणसं सांगत नाहीयेत. मग कुणाला विचारू?"

दादा म्हणाला, "डिझेल भरून ठेवतो."

तीन टाइल्स

करड्या मातीच्या तीन टाइल्स केल्या, तळहाताएवढ्या.

पहिलीवर पोत्यातली माती, चिमूटभर तांबडी घालून. भाऊजींनी सांगितलं होतं तस्सं.

दुसरीवर बादलीतली. जिच्यात मी थंडीपासून भांडी बुडवत होते.

तिसरीवर वाटीतली. ती भिजवली तेव्हा एवढीशी झाली की ब्रश दोनदा फिरला आणि संपली. वाटी निथळून शेवटचं पाणीसुद्धा लावलं.

ओल्या तिघी सारख्याच दिसत होत्या. पांढऱ्या. ओली स्लिप कुणाचंच काही सांगत नाही. मागच्या बाजूला मी सुईनं खुणा कोरल्या आणि तिन्ही एकाच फळीवर, शेजारीशेजारी, मधोमध लावायला घेतल्या. पुढे ठेवली तर सोडा फार बसतो, मागे ठेवली तर कमी. एकच माती दोन जागी दोन बाया वाटते. तुलना करायची तर आच एक हवी.

भाऊजी भट्टीच्या तोंडाशी वाकले. "हे काय मध्येच?"

"टाइल्स. बादली तळाला आलीय. पुढे कुठली स्लिप घ्यायची, बघायला नको?"

"मी आहे ना बघायला."

"तुम्हीच निवडा. नेहमीसारखं."

आमच्याकडची ती रीतच आहे, सासऱ्यांनी पाडलेली. भट्टी उघडली की टाइल्स फळीवर उताण्या मांडायच्या. खुणा पाठीवर, त्या कुणी बघायच्या नाहीत. घरातल्या मोठ्यानं नुसता रंग बघून निवडायची आणि मगच उलटायची. "पाठ आधी बघितली की माणूस नात्यागोत्यात शिरतो," सासरे म्हणायचे. आपण खणलेली माती, आपण सुचवलेली माती. तिचा रंग उगाच बरा दिसायला लागतो.

"तिसरी कुठली?" भाऊजींनी विचारलं.

"मिळाली थोडी."

"ओढ्याकडची असेल. तिच्यात काही राम नाही, सांगून ठेवतो."

मी गोळ्या वळत राहिले.

(ही आठवण टाइलसारखी फुटली)

त्या दिवशी सकाळी दारात बूट चढवताना तो म्हणाला, गोळे, आज परत आलो की तुला एक

(बाकीचा तुकडा सापडला नाही.)

आग

आमची भट्टी तिघांची आहे. एक लाकूड घालतो, एक झडप सांभाळतो, एक सोडा फवारतो. आता आम्ही दोघंच होतो. सासूबाई लाकडं आणून टाकत होत्या, पण त्यांच्यानं आता तोंडाजवळ उभं राहवत नाही.

भर दुपारी शेवटचा कोन वाकला. कोन म्हणजे बोटाएवढी मातीची सुळकी, ठरल्या आचेला मान टाकते. भाऊजींनी पाठीवर पंप घेतला. नवऱ्याचा पंप. पट्टा त्यांच्या खांद्याला आखूड पडत होता, तरी त्यांनी तो सैल केला नाही. नळी भोकातून आत घातली आणि फवारा सुटला तशी भट्टी खाकरली, धुराड्यातून पांढरा ढग निघाला.

मग मी लोखंडी आकडीनं मातीची एक कडी बाहेर ओढली. कड्या त्यासाठीच ठेवतो. सोडा किती बसला ते त्यांच्यावरून कळतं. लाल कडी पाण्यात चुरचुरली. कडीला बादलीतलीच स्लिप होती. वर काढली, तर नुसती मळकट. भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले.

"काय शोधतेस तिच्यात?"

"रंग."

"पाण्यात बुचकळलेल्या कडीला कसला आलाय रंग? रंग निवताना उठतो. घाई केली की तोंड फिरवतो. इतकी वर्षं इथं काय गोळ्याच वळल्यास?"

"गोळ्याच वळल्या."

ते हसले. खूप दिवसांनी. कडी उन्हात फिरवून म्हणाले, "काच बसलीय चांगली. बास करू." मग पंप उतरवता उतरवता थांबले. "तो असता तर म्हणाला असता, अजून एक पंप."

"हो."

"कायम एक जास्त मागायचा."

त्यांचे डोळे वाहत होते. धूर होता, पण धुराचं पाणी असं हनुवटीपर्यंत येत नाही. पट्ट्या सुटलेली बोटं त्यांनी तोंडावरून फिरवली. नवी नखं अर्धीच आली होती, लहान मुलाची असावीत तशी पातळ. मला त्यांची दया आली. खरंच आली. वाटलं, त्या तीन टाइल्स आत्ता हात घालून काढाव्यात आणि ओढ्यात फेकून द्याव्यात. पण पेटलेल्या भट्टीतून आत ठेवलेलं काही परत काढता येत नाही.

निवणं

तोंड विटांनी बंद केलं की कुणाला काही काम उरत नाही. भट्टीच्या भिंतीला हात लावून बघायचा आणि काढून घ्यायचा, दिवसातून अनेकदा, एवढंच.

सासूबाई ओट्यावर बसून चाळणी साफ करत होत्या. चाळणी उलटी करून आपटली की जाळीतले काळे चमकते कण फरशीवर पडायचे. त्या बोटाच्या टोकानं ते गोळा करायच्या.

मी विचारलं, "पोत्यातल्या मातीतही खडे निघतात?"

"सगळ्या मातीत निघतात," त्या म्हणाल्या. "माणसांतसुद्धा."

"पोत्यावर तर लिहिलंय, धुतलेली म्हणून."

"लिहिणाऱ्याचं काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही ताणलं नाही. खड्यांवरून काही ठरत नाही. उघड्या पोत्यात अंगणातली रेव शिरू शकते. मी स्वतःला असं समजावत होते, म्हणजे मला काय व्हावंसं वाटत होतं ते उघड आहे. मला इथंच राहायचं होतं. इथं माझ्या हातांना कामं माहीत आहेत. त्याचा टॉवेल नळाशेजारच्या खिळ्याला आहे. पहिली टाइल नारिंगी निघावी, भाऊजींचं बोलणं खरं ठरावं आणि मला त्या माणसाबरोबर रडता यावं, एवढंच मी त्या कोमट भिंतीला सांगत होते.

पाठ

भट्टी उघडली.

असा रंग कधी आला नव्हता. मोठ्या बरण्यांच्या पोटावर ज्वाळ जिथून वळली तिथे तिची वाट जशीच्या तशी उमटली होती, आतून दिवा लावल्यासारखी. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. भाऊजी एकेक भांडं बाहेर देत होते आणि मी फळीवर मांडत होते, आणि कुणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येक भांडं बघितल्यावर जो माणूस पहिला ओरडला असता तो नव्हता.

टाइल्स मी शेवटी घेतल्या. न बघता. बाकावर उताण्या मांडल्या आणि मागे सरले. सासूबाई स्टुलावर बसल्या. भाऊजी हात धुऊन, पुसून आले. या कामाला ते नेहमी हात धुऊनच येतात.

"ही कुठली आजारी?" त्यांनी पहिलीला बोटानं बाजूला सारलं. फिकट, उतरलेल्या चेहऱ्यासारखी होती ती, वर तपकिरी ठिपके. "हिला औषध नाही."

टाइल निवडताना बोलायचं नसतं.

उरलेल्या दोन त्यांनी दोन हातांत घेतल्या. खिडकीपाशी गेले. उजेडात तिरप्या धरल्या, अंगठा थुंकीनं ओला करून पृष्ठभागावर फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मेल्यापासून, म्हणजे तो मेल्यापासून, ते पहिल्यांदा स्वतःसारखे दिसत होते.

"या दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले.

"एकच?"

"एकच माती. ही जरा जाड लागलीय, ही पातळ. दोनदा कशाला लावलीस? जागा अडवलीस उगाच."

"नक्की ना, भाऊजी?"

"अगं, आंधळा झालो तरी नुसत्या बोटानं सांगेन. तीच काळी कड, तोच दाणा. पातळ जास्त बोलतेय. हीच घ्यायची."

आणि त्यांनी दोन्ही उलटल्या.

डाव्या हातातलीवर होतं: बादली.

उजव्या हातातलीवर: बूट.

भट्टीतली शेवटची ऊब विटांतून टिकटिकत होती. भाऊजींनी तो शब्द वाचला, मग अंगठ्यानं चाचपला, पुसला जातो का बघितल्यासारखा. भाजलेली अक्षरं होती. ते पहिल्या टाइलकडे वळले, बाजूला सारलेल्या त्या आजारीकडे. ती त्यांनी उलटली नाही. उलटायची गरज नव्हती.

"रोज जायचा?" मी विचारलं.

"रोज नाही."

"थंडीपासून?"

त्यांनी मान हलवली. मग चौथ्यांदा सांगितलं. या वेळी ते खाली बघून बोलले आणि या वेळच्या सांगण्याला कड नव्हती. "तुला सांगू नकोस म्हटलं होतं मी त्याला. तू अडवली असतीस. त्या दिवशी दोरी धरून वरच उभा होतो. दोन टोपल्या वर आल्या. तो आतून म्हणाला, दादा, भिंत बोलतेय. मी म्हटलं..."

"काय म्हटलंत?"

"अजून एक टोपली. म्हटलं, एकच."

सासूबाई उठल्या. मुलाच्या हातातून टाइल काढून घेतली, बाकावर परत उताणी ठेवली, कडेला कड जुळवून. "पाठ कशाला बघत बसता?" त्या म्हणाल्या. "रंग बघा. तुझ्या सासऱ्यांच्या हयातीत असा आला नाही. पोराच्या जिवाचं चीज झालं म्हणायचं."

चाळणी खिळ्याला लटकत होती. तिच्या जाळीत अजून एक-दोन काळे कण चमकत होते.

"आई, तुम्ही चाळत होतात," मी म्हटलं.

"कुणाला तरी चाळायलाच लागतं," त्या म्हणाल्या आणि भांड्यांपाशी बसल्या. एक बरणी मांडीवर आडवी घेतली आणि बुडाला चिकटलेल्या माझ्या गोळ्या लाकडाच्या ठोकळ्यानं पाडायला लागल्या. टक. टक. थोड्या वेळानं भाऊजीही त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनीही एक भांडं घेतलं.

मी बाहेर येऊन फोन लावला.

"उघडली," मी म्हटलं.

"काय निघालं?" दादानं विचारलं.

"रंग छान आलाय. टेम्पो घेऊन ये."

पलीकडे चाव्या वाजल्या. "सामान किती आहे?"

"फार नाही," मी म्हटलं. "एक पिशवी."